वही, सही आणि ताळा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



कार्यकारिणीने मला दिलेला विषय होता ‘संगणक क्षेत्रातील नव्या दिशा’. त्यांची क्षमा मागून मी तो जरा जमिनीवर आणला आहे. दिशा दाखवणारे वक्ते पुष्कळ आहेत. सॉफ्टवेअरमधला माणूस सकाळी टेबलाशी बसला की संध्याकाळपर्यंत नक्की काय करतो, हे मात्र त्याच्या घरच्यांनाही धड माहीत नसते. आपल्या मांडवात दोन पिढ्या शेजारीशेजारी बसल्या आहेत. एक काचीगुडा, सुलतान बाजार भागात संसार केलेली. बँक, रेल्वे, कोर्ट, एजी ऑफिस इथून निवृत्त झालेली. दुसरी माधापूर, गच्चीबावली, कोंडापूरकडे फ्लॅट घेतलेली. पहिलीला दुसरीचे कौतुक आहे, पण मनात एक शंकाही आहे. ‘ही मुलं दिवसभर पडद्याकडे बघत बसतात, आणि त्याचे पैसे कसले मिळतात?’ शंका रास्त आहे.

मला आज एवढेच दाखवायचे आहे की या दोन पिढ्यांची कामे वाटतात तितकी वेगळी नाहीत. आमच्या हाताशी रोज जी हत्यारे असतात, त्यांतली बरीचशी तुमच्या ऑफिसातल्या लाकडी टेबलावरून उठून आमच्या पडद्यावर आली आहेत. वाटेत नावे तेवढी इंग्रजी झाली.

आधी एक गैरसमज दूर करते. आम्ही दिवसभर टाइप करत नाही. दिवसाकाठी नव्याने लिहिलेल्या ओळी कित्येकदा बोटांवर मोजता येतील इतक्याच असतात. बाकीचा वेळ जातो वाचण्यात, आणि तेही दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात. एखाद्या बँकेचा किंवा विमा कंपनीचा प्रोग्रॅम वीस-पंचवीस वर्षे चालतो. तो लिहिणारे दहा जण असतील तर त्यांतले आठ नोकरी सोडून गेलेले असतात. उरलेल्या दोघांना आठवत नसते. मग नवीन माणसाने काय करायचे? जुने दप्तर सोडून बसायचे. मोडी कागद वाचणाऱ्याला जशी आधी लिहिणाऱ्याच्या हाताची सवय करून घ्यावी लागते, तसेच हे. म्हणून आमचे सगळ्यात जास्त वापरले जाणारे हत्यार शोधण्याचे आहे. ‘ग्रेप’ नावाची एक छोटीशी आज्ञा आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती लिहिली. शब्द द्या, लाखो ओळींतून तो जिथे जिथे आला आहे त्या ओळी ती समोर ठेवते. पन्नास वर्षे झाली, आजही ती रोज हातात असते. या धंद्यात सगळे सहा महिन्यांत जुने होते असे म्हणतात, ते फारसे खरे नाही.

आता वहीकडे येते. माझ्या मते आमच्या सगळ्या हत्यारांत मोठे तेच.

बँकेत काम केलेल्या मंडळींना ठाऊक आहे, रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर रबर घेऊन पुसायचे नाही. चुकलेली नोंद तशीच ठेवायची आणि खाली उलट नोंद टाकायची. चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही दिसली पाहिजे. आमच्याकडे प्रोग्रॅमच्या प्रत्येक बदलाची अशीच वही असते. या प्रकारचे पहिले साधन मार्क रॉकाइंड यांनी १९७२ साली बेल लॅब्जमध्ये केले. आज जगभर जे वापरले जाते त्याचे नाव ‘गिट’. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतले. त्यांच्या लिनक्स या प्रणालीवर जगातले कितीतरी लोक एकाच वेळी काम करत होते. त्याआधी ते जी वही वापरत होते ती एका कंपनीची होती, आणि तिची फुकट परवानगी कंपनीने काढून घेतली. तेव्हा या गृहस्थाने स्वतःची वही करायला घेतली आणि चार-पाच दिवसांत ती स्वतःची नोंद स्वतःच ठेवू लागली!

या वहीत प्रत्येक बदलाची एक नोंद होते. तिला आम्ही ‘कमिट’ म्हणतो. कोणी बदल केला, कधी केला, कोणत्या ओळी गेल्या, कोणत्या आल्या, आणि का. प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरी क्रमांक मिळतो. तो नोंदीतल्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून काढलेला असतो. वहीच्या पानावर वर ‘मागील पानावरून’ म्हणून बेरीज आणतात ना, तसेच. मागचे एक पान गुपचूप बदलले तर पुढच्या सगळ्या पानांच्या बेरजा फिरतात. बदलता येतच नाही असे नाही. पण बदलले की प्रत्येकाच्या संगणकावर असलेली वहीची प्रत जुळेनाशी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार जण विचारायला येतात. बदल मागे घ्यायचा असेल तर ‘रिव्हर्ट’ नावाची आज्ञा आहे. ती जुनी नोंद पुसत नाही, उलट नोंद टाकते. तुमचीच पद्धत!

या वहीतला ‘का’ हा रकाना सगळ्यात मोलाचा, आणि भरायचा कंटाळाही सगळ्यात जास्त त्याचाच. काय बदलले ते वही आपोआप सांगते. का बदलले ते माणसालाच लिहावे लागते. ‘किरकोळ दुरुस्ती’ असा शेरा मी हजारो वेळा वाचला असेन. त्याहून धोकादायक शेरा म्हणजे ‘तात्पुरता बदल’. त्याच्या शेजारची तारीख बघावी तर नऊ वर्षांपूर्वीची! याउलट एखादा भला माणूस लिहून ठेवतो : ‘अमुक शाखेकडून येणाऱ्या फाइलमध्ये महिन्याच्या शेवटच्या दिवशी एक रिकामी ओळ जास्त येते, म्हणून ही ओळ घातली आहे, काढू नये.’ असा शेरा वाचला की त्या न पाहिलेल्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार करते. त्याने माझे दोन दिवस वाचवलेले असतात.

या वहीत एक आज्ञा अशी आहे की ती प्रत्येक ओळीपुढे ती शेवटी कोणी बदलली त्याचे नाव दाखवते. तिचे नाव ठेवले आहे ‘ब्लेम’, म्हणजे दोषारोप. हे नाव मला पसंत नाही. नवी मुले ते नाव वाचूनच घाबरतात. खरा उपयोग दोष देण्याचा नसून कोणाला विचारायचे ते कळण्याचा आहे. तो माणूस अजून ऑफिसात असेल तर, अर्थात.

वहीनंतर सही. बँकेत व्हाउचर करणारा एक आणि पास करणारा दुसरा. करणाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. आपण लिहिलेली चूक आपल्याच डोळ्यांना दिसत नाही म्हणून. आमच्याकडेही एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचून मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये असा रिवाज आहे. त्याला ‘रिव्ह्यू’ म्हणतात. घाईच्या दिवसांत हा रिवाज नुसता उपचार होतो, हेही सांगितले पाहिजे. दहा ओळींचा बदल असेल तर वाचणारा दहा शंका काढतो. हजार ओळींचा असेल तर ‘छान आहे’ म्हणून सही करतो. यात विनोद आहे तसा धोकाही आहे.

दुसरी सही नसली तर काय होते याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारातली मोठी दलाल पेढी होती. १ ऑगस्ट २०१२च्या सकाळी तिचा नवा प्रोग्रॅम सुरू व्हायचा होता. तो आठ संगणकांवर चढवायचा होता. चढवणाऱ्याने सातांवर चढवला, आठवा राहिला. त्या आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला जुना प्रोग्रॅम तसाच पडून होता. आणि नव्या प्रोग्रॅमला चालू करण्यासाठी जी खूण ठरवली होती, तीच पूर्वी या जुन्याला चालू करण्याची खूण होती! बाजार उघडला आणि तो जुना माणूस जागा होऊन खरेदी-विक्री करत सुटला. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचा २०१३ चा आदेश वाचण्यासारखा आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. आठही संगणक बघून ‘सगळीकडे झाले’ असे म्हणणारा दुसरा माणूस नव्हता, आणि असा माणूस असावा असा लेखी नियमही नव्हता. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. त्या सकाळी बाजार उघडण्याआधी कंपनीच्याच यंत्रणेने कर्मचाऱ्यांना त्या जुन्या प्रोग्रॅमच्या नावाचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल पाठवले होते. त्यांवर कोणी काही केले नाही. वही बोलत होती, वाचणारा नव्हता.

आता ताळा. याबद्दल जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण या कामात खरी मजा इथेच आहे.

संध्याकाळी बॅलन्स जुळला नाही की घरी जायचे नाही, हा जुन्या बँकेचा नियम. फरक दोन रुपयांचा असो की दोन लाखांचा. खिशातून दोन रुपये टाकून मोकळे व्हावे असे कोणालाही वाटेल, पण ते चालत नसे. कारण दोन रुपयांचा फरक म्हणजे कदाचित दोन लाख एका बाजूला आणि दोन लाख दोन रुपये दुसऱ्या बाजूला चुकलेले असतील. आणि त्या काळच्या क्लार्कच्या युक्त्या तरी काय होत्या! फरकाला नऊने निःशेष भाग गेला तर समजायचे, कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले आहेत. ५४ च्या जागी ४५ लिहिले तर फरक ९. ८१ च्या जागी १८ लिहिले तर फरक ६३. फरक सम असेल तर त्याचा निम्मा आकडा शोधायचा, कदाचित जमेची रक्कम नावे पडली असेल. आम्ही याला ‘डीबगिंग’ म्हणतो आणि त्यासाठी इंग्रजी पुस्तके विकत घेतो.

आमची एक युक्ती तुम्हाला आवडेल. समजा प्रोग्रॅम महिन्यापूर्वी बरोबर चालत होता, आज चालत नाही. मधे हजार बदल झाले. कोणत्या बदलाने बिघडला? हजार तपासायचे नाहीत. मधला, पाचशेवा घ्यायचा. तिथे बरोबर चालत असेल तर दोष पुढच्या पाचशेत. मग त्याचा मधला. असे निम्मे निम्मे करत गेले की दहा वेळा तपासून हजारांतला एक सापडतो. गिटमध्ये यासाठी ‘बायसेक्ट’ नावाची आज्ञाच आहे. पण वहीत नोंदी छोट्या आणि नीट असतील तरच तिचा उपयोग. महिन्याचे सगळे बदल एकाच नोंदीत कोंबले असतील तर दोषी नोंद सापडूनही हाती काही लागत नाही.

किरकोळ फरक सोडून न देण्याच्या सवयीने काय घडू शकते? दोन उदाहरणे देते. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचे खगोलशास्त्रज्ञ संगणक विभागात काम करत होते. संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता. पाऊण डॉलर! त्यांनी तो शोधायला घेतला आणि शोधता शोधता पश्चिम जर्मनीतून अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरणाऱ्या हॅकरपर्यंत पोचले. दुसरे उदाहरण मार्च २०२४ चे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता. दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला आपल्याला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे त्यांच्या लक्षात आले. अर्धा सेकंद! आपण असतो तर नेटवर्कला नावे ठेवून चहाला गेलो असतो. त्यांनी मूळ शोधले. ‘एक्सझेड’ नावाच्या, अनेक लिनक्स संगणकांवर असलेल्या एका लहानशा साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. त्या कोणीतरी आधी दोन-अडीच वर्षे इमानाने काम करून विश्वास मिळवला होता. तो दरवाजा जगभर पसरण्याच्या बेतात असताना सापडला. कोणत्याही मोठ्या सुरक्षा यंत्रणेला तो दिसला नव्हता.

ताळ्याचा आणखी एक भाग म्हणजे रकाने. फॉर्मवरचा रकाना किती रुंद असावा, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. १९९९ साली ‘वाय-टू-के’च्या नावाने जगाची झोप उडाली होती, ती याच प्रश्नामुळे. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाला दोनच आकड्यांची जागा होती. ००१९०० की २०००, हे संगणकाला कळणार कसे? त्या दुरुस्तीच्या कामावर आपल्यातले कित्येक जण या शहरातून आधी परदेशी गेले. तसाच एक रकाना अजून भरायचा आहे. अनेक जुन्या यंत्रणांत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, आणि त्या आकड्याची जागा १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. वार मंगळवार. बाप्पाचाच वार, म्हणजे काळजी नाही! गमतीचा भाग सोडा, दुरुस्तीचे काम बरेच झाले आहे. पण कुठल्या तळघरात कुठले यंत्र चालू आहे ते कोण सांगणार?

नावाचा रकाना तर आपल्या रोजच्या अनुभवाचा आहे. फॉर्म करणाऱ्याने गृहीत धरले असते की प्रत्येकाला एक नाव आणि एक आडनाव असते. आपण मराठी माणसे मधे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव घालतो. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचे घराण्याचे नाव आधी येते. तमिळ सहकाऱ्याला आडनावच नसते, आद्याक्षर असते. फॉर्म म्हणतो, आडनाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आणि देवनागरीत लिहिले तर आणखीच मजा. ‘क्षीरसागर’ आपण पाच अक्षरांत मोजतो : क्षी, र, सा, ग, र. संगणक त्यातले जोडाक्षर, हलन्त आणि काने-वेलांट्या सुट्या करून नऊ मोजतो. साठवताना बहुधा प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे सत्तावीस. कोणी पंचविसाची जागा ठेवली असेल तर शेवटच्या ‘र’चा तुकडा पडतो आणि त्या जागी चौकट उमटते. म्हणून प्रोग्रॅम तपासायला बसताना ‘जॉन स्मिथ’ हे नाव घालून बघणे म्हणजे न तपासणेच आहे. मी तरुण सहकाऱ्यांना सांगते, आपल्या सोसायटीच्या नावांची पाटी डोळ्यांसमोर आणा. आपली सोसायटी ज्याला पेलली तो प्रोग्रॅम जगात कुठेही चालेल.

वही आहे, सही आहे, ताळा आहे. तरीही चुका होतातच. तेव्हा काय करायचे? ‘बग’ या शब्दाची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या संगणकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. शब्द त्याहून जुना आहे, एडिसन तो १८७८ सालीही वापरत होता. मला त्या गोष्टीतला पतंग महत्त्वाचा वाटत नाही. त्या लोकांनी तो पतंग फेकून न देता वेळेसकट नोंदवहीत चिकटवून ठेवला, ते महत्त्वाचे वाटते. ते पान आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहात आहे.

याच वृत्तीचे अलीकडचे उदाहरण गिटलॅब या कंपनीचे. ३१ जानेवारी २०१७च्या रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम संगणकावरची माहिती पुसायची ती मुख्य संगणकावरची पुसली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. बॅकअप? नावाला पाच प्रकारचे होते. बघायला गेले तर एकही कामाचा नाही. रोज रात्री होणारा बॅकअप तर कित्येक दिवस होतच नव्हता, कारण तो घेणारे साधन जुन्या आवृत्तीचे आणि डेटाबेस नव्या. बॅकअप झाला नाही असे कळवणारे ई-मेलही पोचत नव्हते. वाचवले कोणी? त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी, वेगळ्याच कामासाठी सहज हाताने काढून ठेवलेल्या प्रतीने. सहा तासांची माहिती गेली ती गेलीच.

पुढे जे झाले ते मला फार आवडते. कंपनीने दुरुस्तीचे काम चालू असताना ते सगळ्या जगाला थेट दाखवले. नंतर सविस्तर अहवाल लिहिला आणि प्रसिद्ध केला. त्या अभियंत्याला काढले नाही. अहवालात ‘कोणी केले’ यापेक्षा ‘कसे होऊ शकले’ यावर भर होता. आज जगात कुठेही बॅकअपबद्दल बोलताना लोक तो अहवाल पुढे करतात. हा शहाणपणा सगळीकडे असतो असे समजू नका. चूक करणाऱ्याला सगळ्यांसमोर उभे करणारी ऑफिसे मी जवळून पाहिली आहेत. तिथे चुका कमी होत नाहीत, नोंदी कमी होतात. माणसे फरक लपवायला शिकतात, खिशातून दोन रुपये टाकायला लागतात.

आपल्याच शहरातला प्रसंग सांगायचा तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी बंद पडले. हैदराबादच्या विमानतळावर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. प्रोग्रॅम वीस रकाने अपेक्षित धरून बसला होता आणि फाइलने एकविसावा वाचायला लावला, असे कंपनीच्या अहवालात आहे. पुन्हा रकानाच! आणि ती फाइल आधी थोड्या संगणकांवर पाठवून बघायची सोडून एकदम सगळीकडे गेली होती. एका तव्यावर एक पोळी करून बघितल्याशिवाय आपल्या काकू पन्नास पोळ्यांची कणीक मळत नाहीत.

जरा हलके काही सांगते. १९९९ साली अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांचे ‘द प्रॅगमॅटिक प्रोग्रॅमर’ नावाचे पुस्तक आले. त्यात एक युक्ती आहे. टेबलावर रबरी बदक ठेवायचे आणि अडले की आपला प्रोग्रॅम त्याला ओळीने समजावून सांगायचा. सांगता सांगता चूक आपल्यालाच सापडते. आमच्या ऑफिसात बदके थोडी, गणपती पुष्कळ. संगणकाशेजारी दोन इंचांची मूर्ती असतेच. कान मोठे, मधे बोलणार नाही, घाई करणार नाही. याहून चांगला श्रोता कुठे मिळणार? आमच्याकडे ‘बाप्पाला सांगून बघितलंस का?’ हा तांत्रिक सल्ला आहे.

आता ज्याची सगळे वाट बघत आहेत तो प्रश्न. आता यंत्रच प्रोग्रॅम लिहिते, मग तुमचे काय? अनेक आई-वडील मला भेटून विचारतात, मुलीला कॉम्प्युटरला घालू की नको?

खोटा धीर देणार नाही. ही नवी साधने मी रोज वापरते. जे लिहायला अर्धा दिवस लागायचा ते पाच मिनिटांत समोर येते, आणि बरेचदा चांगले असते. नव्याने नोकरीला लागणाऱ्या मुलांना आम्ही जी लहान लहान कामे देऊन शिकवत होतो, नेमकी तीच यंत्र करू लागले आहे. याची मला काळजी वाटते. व्हाउचर न लिहिताच कोणी पासिंग ऑफिसर झाला तर तो पास कशाच्या जोरावर करणार?

पण काय गेले आणि काय उरले ते बघा. गेला तो टाइप करण्याचा भाग, आणि तो आमच्या कामात कधीच मोठा नव्हता. वाचणे उरले, ते उलट वाढले. यंत्र पाच मिनिटांत हजार ओळी देते, त्या वाचायच्या कोणी? दिसायला सुबक, शेरेसुद्धा व्यवस्थित, आणि मधेच एक ओळ अगदी आत्मविश्वासाने चुकलेली. अशी चूक पकडणे हे खाडाखोडीच्या कागदावरची चूक पकडण्यापेक्षा अवघड असते. सहीची जागा आहे तिथेच आहे, आणि तिथे यंत्राचे नाव चालत नाही. पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले तर ग्राहक माणसालाच विचारणार.

महाभारत लिहिताना गणपतीने व्यासांना घातलेली अट आपल्याला माहीत आहे : माझी लेखणी थांबता कामा नये. आज आमच्या टेबलावर न थांबणारी लेखणी आली आहे. व्यासांनी उलट घातलेली अट मात्र आपण विसरतो : अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. मी माझ्या टीममधल्या मुलामुलींना एवढेच सांगते, यंत्राकडून वाटेल तेवढे लिहून घ्या. पण ज्या ओळीचा अर्थ तुम्हाला मला सांगता येणार नाही, ती ओळ वहीत घालायची नाही. सुरुवातीला वैतागतात. दोन महिन्यांनी स्वतःच एकमेकांना थांबवू लागतात. तेव्हा मुलीला कॉम्प्युटरला घालायचे तर जरूर घाला. आधी एवढे बघा, की हिशेब जुळला नाही तर तिला झोप लागत नाही की लागते.

शेवटी एक घरचे काम. आपल्या मंडळाची वर्गणीदारांची यादी आणि गेल्या अकरा वर्षांचा जमाखर्च एका लॅपटॉपवर आहे. त्याची प्रत पेन ड्राइव्हवर आहे असे खजिनदार काका सांगतात. तो पेन ड्राइव्ह त्याच लॅपटॉपच्या पिशवीत असतो! आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून अजून कोणी बघितलेला नाही. मी काकांची परवानगी घेतली आहे. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात बसायचे, ती प्रत माझ्या संगणकावर उघडायची आणि पावतीपुस्तकांशी ताळा करायचा. बँकेतून निवृत्त झालेल्या दोघांची आणि तरुणांपैकी दोघांची गरज आहे. नावे आरतीनंतर माझ्याकडे द्यावीत. ज्यांच्याकडे यंदाची पावतीपुस्तके अजून घरी आहेत, त्यांनी ती घेऊन यावे. कोणाकडे कोणते पुस्तक आहे याची यादी खजिनदार काकांजवळ आहे.

गणपती बाप्पा मोरया!